तुम्ही विचारलंत म्हणून: तलाक मिळालाच नाही, त्याचं काय?

"कायदा झाला, आता तुम्हा बायकांची सुटका झाली ना?" माझा घटस्फोट झालाय हे कळलं की ऑफिसातल्या मैत्रिणींपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळ्या हेच विचारतात. वर तीन बोटं दाखवून, "असं तीनदा?"

नाही हो. माझ्या नवऱ्यानं तलाक एकदाही म्हटलं नाही. दुखणं तेच होतं.

एका दमात तीनदा तलाक म्हणणं रद्द ठरवणारा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल, तो गुन्हा ठरवणारा २०१९ चा कायदा, दोन्ही मला हवेच होते. १९६६ मध्ये समाजसुधारक हमीद दलवाईंनी मुंबईत विधानसभेवर मोर्चा नेला. मोर्चात बायका सातच. त्यांची एक मागणी इतक्या वर्षांनी पुरी झाली, तर मी कशाला तोंड वाकडं करू? पण नवरा सोडतच नसेल, तर हा कायदा माझ्या काय कामाचा?

मी खुला मागितला, म्हणजे बायकोनं मागून घेतलेला तलाक. जमातीची बैठक आमच्याच घरी. पुरुष बाहेर सतरंजीवर, मी आत अम्मीपाशी. मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्यानं बायकोला द्यायचा ऐवज, सोडला, दागिने देते म्हटलं, मुलाचा खर्चही मागणार नाही म्हटलं. तरी त्याचं 'नाही'च. "त्याची मर्जी लागते, बेटी," मौलाना म्हणाले. मला राहवलं नाही. दाराआडूनच बुखारी या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचन-वर्तनाची नोंद, सांगितली: साबित बिन कैस यांची बायको पैगंबरांकडे गेली. नवऱ्याच्या वागण्यात, दीनमध्ये, म्हणजे धर्माचरणात, खोट नाही म्हणाली, पण राहायचं नाही. मेहेरात मिळालेली बाग परत करशील? करेन. पैगंबरांनी साबितना सांगितलं, बाग घ्या आणि तिला तलाक द्या. तिथं मर्जी कुणी विचारली?

बाहेर शांतता. मग मामू चिडून म्हणाले, "हिला हे शिकवलं कुणी?"

"मी," अब्बा म्हणाले.

मौलाना भले माणूस. हदीस खरीच आहे म्हणाले, पण आपण मानतो त्या हनफी पंथाचा मसला, म्हणजे नियम, वेगळा. बैठक उठली.

शेवटी १९३९ च्या मुस्लीम विवाहविच्छेद कायद्यानं कोर्टातून सुटले. दोन वर्षं पोटगी नाही, हे कारण तिथं चालतं. आणि त्या कायद्यामागे उलेमाच, म्हणजे धर्मपंडितच, होते! नवऱ्यापासून सुटायला पंजाबात बायका धर्म सोडू लागल्या, तेव्हा मौलाना अशरफ अली थानवींनी मालिकी या दुसऱ्या पंथाच्या मताचा आधार घेऊन वाट काढली. म्हणजे मनात आणलं तर वाट निघते.

कॉलेजात मी ठणकावून सांगायचे, इस्लामनं बाईला चौदाशे वर्षांपूर्वी हक्क दिले. त्या मुलीला आज विचारावंसं वाटतं, दिले, पण किल्ली कुणाच्या खिशात? तीही ऐकणारी नव्हे. म्हणेल, मग त्या दिवशी दाराआडून तू हदीसच का काढलीस?

तुमच्यासमोर मात्र मी तिचीच बाजू घेते. तुमचा तो कीव आल्याचा सूर लागला की घेतेच.

आता भाचीचा निकाह ठरलाय. निकाहनाम्यात बायकोला तलाकचा अधिकार लिहून घेता येतो, तफवीज म्हणतात, हनफींनाही चालतो. मी मजकूर तयार ठेवलाय. घरचे म्हणतात, शुभकार्यात हे कसलं अभद्र! मुलाकडचे अजून काही बोललेले नाहीत. भाचीच म्हणते, "खाला, राहू दे ना."

मी कागद अजून मागे घेतलेला नाही.