इंजिन सुरू झालं, मग उडवत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी या विषयावर बोलायला लागलो की घरचे एकेक करून आत सटकतात.

प्रश्न नेहमी एकच असतो: "इंजिन तर सुरू झालं, मग उडवत का नाही?" चूक माझीच आहे. आमच्या व्हॅम्पायर या जुन्या लढाऊ जेटचं इंजिन पहिल्यांदा पेटलं त्या दिवशीचा ४० सेकंदांचा व्हिडिओ मी ओळखीच्या झाडून सगळ्यांना पाठवला. आधी गुरगुर, मग चढत जाणारी शिट्टी, मागे थरथरणारी गरम हवा. बघणाऱ्याला वाटणारच की आता काय, बसायचं आणि निघायचं. त्याला तीन वर्षं झाली. विमान अजून जमिनीवर आहे आणि विचारणाऱ्यांच्या सुरात हल्ली थोडी कीव ऐकू येते.

मी जन्मभर विमानांच्या इंजिनांवर काम केलं. निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसवेना, म्हणून जुनं लढाऊ जेट पुन्हा उडतं करायला निघालेल्या आठ-दहा वेड्यांच्या गटात शिरलो. विमान डी हॅविलँड व्हॅम्पायर, शेजारी शेजारी दोन सीटांचं, वैमानिकांच्या प्रशिक्षणाचं. मूळ व्हॅम्पायर पहिल्यांदा उडालं १९४३ साली. भारतीय हवाई दलाचं पहिलं जेटही हेच, १९४८ सालचं. आमचं विमान कित्येक दशकं एका शेडच्या कोपऱ्यात धूळ खात पडलं होतं. शेड होती हे नशीब. उघड्यावर, उन्हापावसात असतं तर आम्ही त्याला हातही लावला नसता. का, ते पुढे येईलच.

तर इंजिन. लोकांना सगळ्यात अवघड वाटतं ते हेच, आणि माझ्या मते या विमानात सगळ्यात सरळ काम तेच. व्हॅम्पायरचं गॉब्लिन हे जेट युगाच्या अगदी सुरुवातीचं इंजिन. पुढे हवा दाबणारी एक मोठी चकती, भोवती १६ ज्वलनकक्ष, मागे गरम वायूच्या झोतानं फिरणारं टर्बाइनचं एकच चक्र. आजच्या इंजिनांपुढे पाटीवरचं गणित. आतून दुर्बीण घालून पाती तपासली, बेअरिंगं काढून पाहिली, इंधनाचा पंप उघडून पुन्हा बांधला. मग एक दिवस ते सुरू केलं.

सुरू करताना आमची नजर शिट्टीकडे नसते. एकाची नजर मागच्या नळीतल्या तापमानाच्या काट्यावर, हात इंधनाच्या कॉकवर. आत इंधन साचलेलं असेल तर ते एकदम पेटतं, काटा उसळतो आणि दोन-तीन सेकंदांत कॉक बंद केला नाही तर टर्बाइनची पाती कामातून जातात. दुसरा अग्निशामक घेऊन उभा. तिसरा मी, हातात स्टॉपवॉच. माझं काम सुरू होतं ते इंजिन बंद केल्यावर. इंधन तोडल्यापासून टर्बाइनचं चाक पूर्ण थांबेपर्यंत किती वेळ लागतो हे मोजायचं आणि वहीत लिहायचं. सगळं मोकळं फिरत असेल तर दर वेळी साधारण तेवढाच वेळ लागतो. वेळ घटली म्हणजे आत कुठेतरी काहीतरी धरतंय.

पाचव्या वेळी आमची वेळ सहा सेकंदांनी कमी भरली. बाकी सगळे काटे जिथल्या तिथे, आवाज तोच, कंप नाही. तरुण मंडळी म्हणाली, "काका, वाऱ्यामुळे असेल." असेलही. पण मग वारा नसताना पुन्हा मोजलं, तरी तेवढीच. इंजिनवर बसवलेल्या जनरेटरचं बेअरिंग अडत होतं. ते सापडायला चार महिने गेले, कारण आम्ही आधी इंजिनातच शोधत बसलो. त्या चार महिन्यांत मला निदान तीसजणांनी विचारलं असेल की आता तर चालू झालंय ना.

इंजिन चाललं याचा अर्थ ते जमिनीवर, थंड हवेत, दहा मिनिटं चाललं. एवढाच. बाकीच्या विमानाबद्दल त्यानं काहीच सांगितलेलं नसतं.

आणि बाकीचं विमान म्हणजे लाकूड. हे ऐकलं की लोक माझ्याकडे संशयानं बघतात, पण खरं आहे. व्हॅम्पायरचे पंख आणि शेपटीचे दोन दांडे धातूचे; वैमानिक बसतो तो मधला अंडाकृती भाग मात्र लाकडी. दोन्ही बाजूंना बर्चच्या प्लायवूडचे पातळ थर, मध्ये हलका बाल्सा, आणि सगळं सरसानं चिकटवलेलं. दुसऱ्या महायुद्धातलं मॉस्किटो विमान याच कंपनीनं याच पद्धतीनं बांधलं होतं. पद्धत उत्तम. फक्त जिथे धातूचा बोल्ट लाकडातून आरपार जातो तिथे पाणी शिरतं, आणि एकदा शिरलं की बाहेरून रंग चकचकीत आणि आत भुगा, असं होऊ शकतं.

त्यामुळे माझ्या आयुष्यातला एक अख्खा पावसाळा मी लढाऊ जेटला नाण्यानं टकटक करण्यात घालवला. मडकं घेताना बोटानं वाजवून बघावं तसं. टणक आवाज आला की खडूची बरोबरची खूण, बद आला की फुली. प्रत्येक बोटभर जागेवर. शिवाय ओल मोजायचं यंत्र. एकूण अकरा फुल्या निघाल्या. त्यातल्या नऊ दुरुस्त झाल्या, दोन ठिकाणी अख्खा तुकडा कापून नवा जोडावा लागला. या कामासाठी आम्हाला विमानाचा फिटर नाही, होड्या बांधणारा सुतार उपयोगी पडला. त्यानं पहिल्याच दिवशी जोडाला नाक लावलं आणि म्हणाला, "इथं कुजलंय." यंत्रानं ते दुपारनंतर कबूल केलं.

धातूचा भाग वेगळ्याच तऱ्हेनं फसवतो. त्यात थकवा साठतो. दर उड्डाणात, दर वळणात पंखाच्या मुळाशी ताण येतो आणि जातो; हजारो वेळा आला-गेला की केसाएवढी चीर पडते. हे जगाला महागात शिकवलं ते कॉमेट या प्रवासी जेटनं. १९५४ साली दोन कॉमेट विमानं हवेतच फुटली. मग एक अख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुन्हा पुन्हा दाब भरला आणि सोडला, आणि धातू थकून फाटतो हे सिद्ध झालं. कॉमेटची कंपनी कोणती? डी हॅविलँडच. आमचं विमान त्याच काळातलं आणि त्याच घरातलं. म्हणून पंख जोडणारे बोल्ट काढून, रंगद्रव्य लावून, भिंगाखाली धरून, क्ष-किरण काढून बघायचे. चीर नाही सापडली. पण किती थकवा साठलाय हे बोल्ट स्वतः सांगत नाही. ते सांगतो कागद.

इथे आलो मी मूळ उत्तरावर. आमचा निम्म्याहून जास्त वेळ हातात पाना धरून गेलेला नाही, चष्मा लावून जुन्या वह्या वाचण्यात गेला आहे. विमानाच्या बऱ्याचशा महत्त्वाच्या भागांना आयुष्य ठरवून दिलेलं असतं: इतके तास, इतकी वर्षं, इतक्या वेळा उतरणं. तो भाग किती वापरला गेला याची नोंद सापडली नाही, तर तो भाग आहे कसा याला अर्थ नाही. एकदा आम्हाला ग्रीसच्या कागदात गुंडाळलेला इंधनाचा पंप मिळाला. कोरा करकरीत, एक ओरखडा नाही. सोबतचा टॅग मात्र हरवलेला. कुठून आला, कधी बनला, आधी कशावर बसला होता, कुणाला ठाऊक नाही. तो आता टेबलावर बिलं उडू नयेत म्हणून ठेवला आहे. त्याच्या शेजारी असे आणखी सात जण आहेत.

रबराचं थोडक्यात सांगतो, कारण ते फार कंटाळवाणं आहे: जेवढं म्हणून रबर आहे तेवढं सगळं बदला. नळ्या, सील, इंधनाच्या पिशव्या. कोरड्या पडलेल्या पिशवीला हात लावला तर पापडी निघते. आणि वैमानिकापुढच्या जुन्या तबकड्यांचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून त्यांवर रेडियम लावलेलं असायचं. ते किरणोत्सारी असतं, त्या खरवडत बसू नका.

इजेक्शन सीटबद्दल, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या सीटबद्दल, मात्र आमच्यात भांडणं झाली. सीट बाहेर फेकायला स्फोटक काडतूस लागतं आणि त्यालाही मुदत असते. मुदत संपलेलं काडतूस उडणार नाही, किंवा नको तेव्हा उडेल. सगळ्यात पहिल्या, एका सीटच्या व्हॅम्पायरांना इजेक्शन सीट नव्हतीच, म्हणून आमच्यातले काही म्हणाले, निष्क्रिय करून टाकू, तेव्हाही लोक उडवतच होते. मी विरोधात होतो, अजून आहे. तेव्हा ते दुसरं काही नव्हतं म्हणून उडवत होते. आम्ही हौस म्हणून उडवणार. शेवटी नवीन काडतुसांची मागणी गेली आणि त्या मागणीमागे वर्ष गेलं.

कधी कधी वाटतं, एवढं करून हातात काय येतं? व्हल्कनचं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर असतं. ब्रिटनचं ते त्रिकोणी बॉम्बर, एक्सएच५५८, लोकांच्या वर्गणीतून पुन्हा उभं राहिलं आणि १८ ऑक्टोबर २००७ रोजी उडालं, १४ वर्षांहून जास्त काळानंतर. २०१२ साली त्याची दोन इंजिनं एका दमात गेली. कारण काय, तर ओल शोषायला ठेवलेल्या सिलिका जेलच्या पिशव्या इंजिनात हवा शिरते त्या तोंडात राहिल्या होत्या; एका इंजिनानं त्या गिळल्या आणि त्याचे तुकडे शेजारच्यात गेले. ते वाचल्यापासून आमच्या हँगरमध्ये प्रत्येक पिशवीला नंबर आहे, लाल फळ्यावर यादी आहे आणि यादी पुसायचा हक्क एकाच माणसाला आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात व्हल्कन कायमचं उतरलं. मोडलं म्हणून नाही. ज्या कंपन्या त्याच्या तांत्रिक जबाबदारीत सामील होत्या त्यांनी पाठबळ काढून घेतलं, कारण विमान जाणणारी माणसंच उरत नव्हती.

आमचंही तसंच होणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. गॉब्लिन पूर्ण ताकदीवर मिनिटाला तीस-चाळीस लिटर इंधन पितं, पण मला काळजी इंधनाची नाही. प्रत्येक उड्डाणाबरोबर परत न मिळणारा एखादा तास कुठल्यातरी भागाच्या वहीतून वजा होतो. म्हणून आमच्या यादीत वर्षाला मोजकीच उड्डाणं आहेत आणि एकही कसरत नाही. यावर तरुण मंडळी नाराज आहेत. असू देत.

मागच्या महिन्यात आम्ही विमान धावपट्टीवर पळवलं, नाक उचलायच्या थोडं आधीपर्यंत. विमान सरळ गेलं, शिट्टी तशीच सुंदर. थांबताना ते उजवीकडे ओढायला लागलं. व्हॅम्पायरचे ब्रेक हवेवर चालतात. डाव्या चाकाच्या ब्रेकचा दाब गळत होता. म्हणजे ते पुन्हा जॅकवर चढलं आणि ब्रेकमधला हवा धरणारा रबरी भाग मागवला गेला.

परवा खोकं आलं. भाग नवीन आहे, मापाचा आहे, वासही ताज्या रबराचा आहे. खोकं उलटं करून झटकलं, आतली गवताळ कागदांची भर सुटी करून पाहिली. टॅग नाही. विकणाऱ्याला पत्र टाकलंय. तोपर्यंत तो टेबलावर, नववा.