पिवळ्या धातूच्या पाटल्या, दोन

लॉकरच्या खोलीत शिरताना आमच्या शाखेतली निम्मी माणसं चप्पल बाहेर काढतात. तशी पाटी कुठेही लावलेली नाही. सुरुवातीला मी म्हणायचे, "असू द्या हो काका, या तसेच." आता म्हणत नाही. त्यांनी ती खोली गाभाऱ्यासारखी मानली आहे, तर त्यात मी कशाला पडू?

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेत मी अधिकारी आहे आणि 2019 पासून लॉकरचं काम माझ्याकडे आहे. काम अगदी साधं. ग्राहक येतो, रजिस्टरवर वेळ टाकून सही करतो, मी त्याच्याबरोबर आत जाते. आधी बँकेची मास्टर किल्ली फिरते, मग त्याची. दोन्ही फिरल्याशिवाय दार उघडत नाही. माझी किल्ली फिरवून झाली की मी बाहेर येते. त्यामुळे आत काय असतं ते मला ठाऊक नाही, पण आत जाताना आणि बाहेर येताना माणसाचा चेहरा कसा असतो, ते मी रोज पाहते.

एक निवृत्त गुरुजी येतात. लॉकर बंद झाला की दार तीनदा ओढून बघतात, जिन्यापर्यंत जातात, परत येतात, चौथ्यांदा ओढून बघतात. गौरीच्या आधी दोन सख्ख्या जावा एकाच स्कूटरवरून येतात. लॉकर मात्र वेगवेगळे, आणि एक आत असली की दुसरी बाहेर बाकावर पाठ करून बसते. संध्याकाळी खोली बंद करताना खाली काही पडलंय का ते मी बघून घेते. एकदा एक मोत्याची कुडी सापडली. त्या दिवशी आलेल्या सहाही जणांना फोन केले. जिची होती तिने घाईघाईने येऊन ती नेली आणि हळूच म्हणाली, "मॅडम, परत घरच्या नंबरवर फोन नका करू. मी बँकेत आले होते हे ह्यांना माहीत नाही." अशा माणसांवर मी कधी हसले नाही, हसू येतही नाही. जवळच्यांची भीती आणि जवळच्यांची माया एकाच कप्प्यात ठेवून जगणारी ही माणसं आहेत, आणि माझ्या घरात तरी वेगळं काय आहे?

आता त्या दिवसाबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये लॉकरचे नियम बदलले आणि ते 1 जानेवारी 2022 पासून लागू झाले. जुन्या ग्राहकांकडूनही नवा करारनामा करून घ्यायचा होता. त्या निमित्ताने 2023 च्या फेब्रुवारीत आक्का आल्या. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, नऊवारी, हातात कापडी पिशवी. सही करायला त्यांना दोन मिनिटं लागली, पण अंगठा देणार नाही म्हणाल्या. सही झाल्यावर विचारलं, "नॉमिनी बदलता येतो का?"

नॉमिनी थोरला मुलगा होता. लॉकर एकट्याच्या नावावर असेल तर तेव्हा एकच नाव देता यायचं. आक्कांनी मुलीचं नाव सांगितलं. मी फॉर्म काढला. विचारायचं काही कारण नव्हतं, तरी त्या स्वतःहूनच बोलल्या.

"पोरं दोन्ही माझीच हाईत. पर एकाचं नाव लिवलं की दुसऱ्याला वाटणार, आईच्या लेखी आपण मेलो. पोरीनं जमिनीवर हक्कसोड लिवून दिलीया. तिला कायबी नको असतंय. तिचंच लिवा."

त्यांचं हे शहाणपण मला तेव्हा फार आवडलं होतं. जिला काहीच नको तिच्या हाती किल्ली द्यायची, म्हणजे भांडण होणार नाही.

गणपतीनंतर आक्का गेल्या. दसऱ्याच्या सुमारास मुलगी मृत्यूचा दाखला घेऊन अर्ज करायला आली. किल्ली नव्हती. घर सगळं उलथंपालथं करून झालं होतं. देव्हारा, तांदळाचा डबा, गादीची उसवलेली शिवण, आक्कांच्या जुन्या चोळ्या, कुठेच नाही. ग्राहकाला आम्ही एकच किल्ली देतो, तिची जोडकिल्ली बँकेकडे नसते. नुसत्या मास्टर किल्लीने काही होत नाही. म्हणजे कंपनीचा मेकॅनिक बोलावून लॉकर फोडायचा, तोही दोन साक्षीदारांसमोर.

ठरलेल्या दिवशी सकाळी अकरा वाजता दोघे भाऊ वेगवेगळ्या गाड्यांनी आले. थोरले पुण्याहून, धाकटे गावातून. थोरल्यांनी साक्षीदार म्हणून गावचे सराफ आणले होते, धाकट्यांनी एक निवृत्त तलाठी. बहीण पाटणच्या बाजूला दिलेली, ती एसटीने आली. मेकॅनिक यायला उशीर होता. तिघं माझ्या टेबलासमोर बसली आणि अर्धा तास कुणी कुणाशी बोललं नाही.

मग धाकटे माझ्याकडे बघत म्हणाले, "मॅडम, फोडायचा खर्च उगाच चाललाय. किल्ली कुठं हाय ते आमाला म्हाईत हाय."

"कुठं?"

"नॉमिनी काय उगाच बदलला का आईनं?"

थोरल्यांनी मान हलवली. वर्षभरात त्या दोघांचं एकमत झालेली ती एकच गोष्ट असावी.

बहिणीने काही उत्तर दिलं नाही. मांडीवरची पर्स उचलली, चेन उघडली आणि माझ्या टेबलावर उलटी केली. एसटीचं तिकीट, कुंकवाची डबी, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी, एक रुमाल, घराची एक पितळी किल्ली. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून ती भावांकडे बघत राहिली. दोघांपैकी एकानेही त्या वस्तू गोळा करायला हात पुढे केला नाही. शेवटी मीच त्या एकेक करून पर्समध्ये भरल्या. माझ्या नोकरीतला तो सगळ्यात जड क्षण होता. मला दोघांना सुनवायचं होतं, पण खुर्चीत बसून ते करता येत नाही.

मेकॅनिक आला. ड्रिलचा आवाज सगळ्या शाखेत घुमला, कॅश काउंटरवरची माणसं वळून बघायला लागली. खाली लोखंडाचा कीस पडला. माझा सहकारी मोबाइलवर चित्रीकरण करत होता. दार उघडलं तेव्हा तिघंही एकदम पुढे झुकली.

आत एक स्टीलचा डबा, एक प्लॅस्टिकची पिशवी आणि एक खाकी पाकीट. बास.

यादी करताना आम्हाला एक शिकवण असते, दिसतं तेवढंच लिहायचं. आम्ही सोनं असं कधीच लिहीत नाही. सोनं आहे की नाही हे आम्ही कसं ठरवणार? "पिवळ्या धातूच्या पाटल्या, दोन. पिवळ्या धातूची बोरमाळ, एक. पिवळ्या धातूचं डोरलं, काळ्या मण्यांसह, एक. पांढऱ्या धातूचे लहान मुलाच्या पायातले वाळे, एक जोड." मी मोठ्याने बोलत होते आणि लिहीत होते. वजन आम्ही करत नाही. थोरल्यांच्या मनात दहा-बारा तोळ्यांचा हिशेब होता, ते पुन्हापुन्हा डब्याच्या तळाशी बघत होते.

सराफांनी पाटल्या उचलल्या. तळहातावर जरा तोलल्या, एकदा अंगठ्याने कड चाचपली आणि हळूच परत ठेवल्या. थोरल्यांनी विचारलं, "काय हो शेठ?" ते म्हणाले, "मॅडमनी लिहिलंय ते बरोबर आहे." आणि यादीवर सही करून बाजूला झाले. त्या पाटल्यांची काय कथा असेल, कधी आणि कुणाच्या अडचणीला त्या उतरल्या असतील, हे मला माहीत नाही. पण त्या सहीत एका बाईची लाज राखलेली मला दिसली, आणि त्या माणसाबद्दलचा आदर अजून मनात आहे.

प्लॅस्टिकच्या पिशवीत पाचशेच्या जुन्या नोटा निघाल्या. आठ. 2016 च्या नोव्हेंबरात बंद झाल्या त्या. अशा नोटा दहापर्यंत जवळ ठेवायला 2017 च्या कायद्याची हरकत नाही, म्हणून यादीत लिहिलं आणि पुढे गेले. पण धाकटे ती पिशवी हातात घेऊन उभेच राहिले. चार हजार रुपये. नोटाबंदीनंतर बँका उघडल्या त्या पहिल्या दिवसांत नेमके तेवढेच एका माणसाला एका वेळी बदलून मिळत होते.

"मी सोता घेऊन आलो होतो की आईला," ते म्हणाले. "हितंच, रांगेत. तीन तास उभी होती माझ्या शेजारी. तवा का बोलली न्हाई?"

त्याचं उत्तर त्यांच्याच प्रश्नात होतं. ते शेजारी उभे होते, म्हणूनच. ते मी बोलले नाही. पण पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर हिशेबाखेरीज दुसरं काहीतरी आलं होतं.

राहिलं पाकीट. चारी बाजूंनी गोंद, वरून दोऱ्याची गाठ, गाठीवर लाख. नाव नाही. थोरले म्हणाले, "फोडा." मी सांगितलं, लॉकरमधलं सीलबंद पाकीट नॉमिनीच्या ताब्यात देताना बँक फोडत नाही, तसा नियम आहे. "सीलबंद खाकी पाकीट, एक" एवढंच मी लिहिणार. ते चिडले. बराच वेळ वाद झाला, मॅनेजरसाहेबांनाही मध्ये पडावं लागलं. घरी नेऊन हवं ते करा, इथे नाही. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, ताईंना हे सगळ्या वारसांच्या वतीने मिळतंय, हेही मी मुद्दाम भावांकडे बघून सांगितलं. आक्का विधवा, मृत्युपत्र नाही. हिंदू वारसा कायद्याने त्यांच्या स्वतःच्या वस्तूंत मुलांइतकाच मुलीचा वाटा. हक्कसोड होती ती जमिनीची. बहीण लगेच म्हणाली, "मला कायबी नको." थोरल्यांनी तेवढंच ऐकलं.

तिने सह्या केल्या, डबा, पिशवी आणि पाकीट कापडी पिशवीत घातलं. आक्कांचीच ती पिशवी, मी ओळखली. ती थोरल्यांच्या गाडीत बसली की धाकट्यांच्या, ते बघायला मी खिडकीशी गेले. दोन्ही गाड्या निघून गेल्या होत्या. ती एसटी स्टँडच्या दिशेने चालत होती आणि तिच्या दहा पावलं मागून सराफशेठ चालले होते.

लॉकरला नवं कुलूप बसलं. तो दुसऱ्या ग्राहकाला दिला गेला.

2024 च्या मार्चमध्ये, वर्षअखेरीच्या धांदलीत, दुपारी ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसेना. रुमालाची गाठ सोडली. आत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेली किल्ली. कागद लालभडक झालेला, आणि वास एकदम सगळ्या टेबलावर पसरला. हिंग, लसूण, भाजलेलं खोबरं.

आमच्याकडे वर्षाची चटणी उन्हाळ्यात करतात. कांदा-लसणाची, बरणीत दाबून भरलेली, टिकावी म्हणून मध्ये हिंगाचे खडे. आक्का दर मे महिन्यात दोन बरण्या भरायच्या, एक घरची, एक लेकीची. बरण्या सारख्याच, चिनी मातीच्या.

"काल डाव तळाला लागला, तर हे," ती म्हणाली. "हिंगाचा खडा वाटला आदी." मग बसली. "मॅडम, आईनं माझ्याच बरणीत घातली आसंल, का घरच्या बरणीत घालायची आन् बरणीच बदलली आसंल?"

मला सांगता आलं नाही. मी त्यानंतर पुष्कळदा विचार केला आहे, अजूनही ठरत नाही.

"भाव म्हणत हुते, किल्ली माझ्याकडं हाय," ती म्हणाली. "म्हंजी हुतीच की वो."

तिला रडू येत नव्हतं. नुसती त्या किल्लीकडे बघत होती. दहा महिने ती रोज स्वयंपाकघरात त्या बरणीत डाव घालत होती, त्यातले पाच महिने खोटी ठरून. मी तिला म्हटलं, यात तुमचा काडीचाही दोष नाही, भावांना सरळ सांगा, वाटलं तर माझ्यासमोर सांगा, मी फोन करून दोघांना बोलावते. ती नको म्हणाली. पाकिटाचं विचारलं. तर म्हणाली, तिघं एकत्र बसून फोडायचं ठरलंय, वर्षश्राद्धाला जमलं तर जमलं. तोवर तिच्या देव्हाऱ्यात आहे, लाख तशीच.

किल्ली परत आली की रजिस्टरला नोंद करायची असते. शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, "जुनी किल्ली, एक. ग्राहकाच्या मुलीने आणून दिली. चटणीची बरणी रिकामी झाल्यावर तळाशी मिळाली असे सांगितले." तिच्याकडे सहीसाठी सरकवलं. तिने बोट ठेवून सावकाश वाचलं, आणि एका शब्दावर बोट थांबलं.

"रिकामी न्हाई झाली, मॅडम," ती म्हणाली. "वाटीभर काढून ठिवलीय मी. ती न्हाई संपवायची."

मी "रिकामी झाल्यावर" हे शब्द खोडले, वर "उपसताना" असं लिहिलं, आणि खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे छोटी सही केली. मग तिने तिची केली.