गालात दडवलेली गोळी

रिस्पेरिडोन ही मानसिक आजारावरची गोळी सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता आणि मला एका जागी बसवेना. ही बेचैनी मनातली वाटतच नव्हती. पोटऱ्यांतून काहीतरी वर चढायचं आणि उठवायचं. जेवायला बसलो की दोन घासांनंतर उठायचो, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारायचो, परत बसायचो, परत उठायचो. रात्री दोन वाजता ताईला माझ्या पावलांनी जाग यायची. आजार वाढला असं घरच्यांना वाटलं. मलाही तेच वाटलं.

आजार म्हणजे सायकोसिस, खरं काय आणि भास काय हे कळेनासं होणं. त्याआधी तीन महिने भिंतीपलीकडून कुणीतरी माझ्या प्रत्येक हालचालीबद्दल बोलत होतं. ‘उठला बघ’, ‘आता पाणी पितोय’. आवाज इतके स्पष्ट होते की मी त्यांना उत्तरं द्यायला लागलो होतो. ताईने हाताला धरून मला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो.

पहिल्या तपासणीच्या वेळी मॅडमनी सांगितलं होतं, ‘काही वेगळं वाटलं तर लगेच फोन करा.’ मी केला नाही. उपाय मीच शोधला. गोळी तोंडात टाकायची, जिभेने गालात सरकवायची, पाणी प्यायचं, ताईची पाठ वळली की रुमालात काढायची. पाय शांत झाले. आवाज मात्र परतले. पुढच्या भेटीत मॅडमनी विचारलं, ‘गोळी रोज घेता ना?’ मी ‘हो’ म्हणालो. गुण येत नाही असं दिसल्यावर कुठलाही डॉक्टर जे करेल तेच त्यांनी केलं, 2 मिलिग्रॅमचा डोस 4 केला.

चार दिवसांनी ताईला उशीच्या अभ्र्यात सतरा गोळ्या सापडल्या. काही ओल्या होऊन एकमेकींना चिकटलेल्या होत्या. ती ओरडली नाही, पण त्या संध्याकाळी गोळी गिळेपर्यंत समोरून हलली नाही. तीन आठवडे जवळपास रिकामं असलेल्या माझ्या शरीरात एकदम 4 मिलिग्रॅम गेलं. पहाटे लघवीला उठलो, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं. ही औषधं रक्तदाब खाली आणू शकतात, विशेषतः झोपलेल्या माणसाने झटक्यात उभं राहिल्यावर. म्हणून तर ती थोड्या डोसपासून चढवत नेतात. सलग बरेच दिवस चुकले तर परत आधीच्याच डोसवर उडी मारायची नसते, डॉक्टरांना विचारून खालून सुरुवात करायची असते, हे मला टाके घालून घेतल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी एकच प्रश्न विचारला. ‘खरं सांगा, किती गोळ्या पोटात गेल्या?’ मी रडायलाच लागलो आणि सगळं सांगितलं. पायांबद्दलही. त्या लगेच म्हणाल्या, ‘अहो, हा आजार नाही. हा औषधाचा परिणाम आहे, याला अकॅथिसिया म्हणतात.’ औषध मेंदूत डोपामिनला अडवतं, त्याने भास आणि संशय उतरतात. पण हालचाली सांभाळणाऱ्या भागातही डोपामिनच काम करत असतं, तिथेही ती अडवणूक होते. मग कुणाला माझ्यासारखं बसवत नाही, कुणाचे हात थरथरतात, कुणाचा चेहरा मख्ख होतो, कुणाची मान सुरुवातीच्या काही दिवसांतच एकीकडे वळून अडकते. त्या शेवटच्या त्रासावर इंजेक्शन असतं आणि मान बहुधा लवकर सुटते. डोस कमी करणं, औषध बदलणं, जोडीला प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देणं, माझ्या पायांसाठी इतके मार्ग होते. एकही मला मिळाला नाही, कारण मी तोंड उघडलं नव्हतं.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट सांगितली, जी सांगताना मान वर झाली नाही. लैंगिक इच्छा पार संपली होती. मॅडमनी ती ताप-खोकल्यासारखी सहज लिहून घेतली. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढू शकतं. बायकांची पाळी त्याने थांबू शकते, कधी स्तनांतून दूधही येतं. हे कुणी आपणहून बोलत नाही, आणि याच कारणाने कितीतरी जण गुपचूप गोळ्या सोडत असतील असं मला मनापासून वाटतं.

मग ऑलान्झापीन आलं. एक कमी करत दुसरं वाढवत नेलं, 5 पासून 15 मिलिग्रॅमपर्यंत. आवाज चार-पाच आठवड्यांत विरत गेले. एका रात्रीत काही झालं नाही, आणि तसं होत नसतं हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी इतका हताश झालो नसतो. झोप पहिल्या दिवसापासून येते, त्यामुळे औषध लागू पडलं असा समज होतो. खरा परिणाम मागून येतो.

ऑलान्झापीन सुरू करण्याआधीच वजन, कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, चरबी आणि ईसीजी झाला होता. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला वजन, तीन महिन्यांनी पुन्हा रक्त. एवढ्या तपासण्या कशाला, असं तेव्हा वाटलं. चार महिन्यांत नऊ किलो वाढलो तेव्हा समजलं. भूक अशी लागायची की पोट भरलं तरी तोंड थांबायचं नाही. साखर सीमारेषेवर आली होती, ती पहिल्या आकड्याशी ताडून बघता आली म्हणून वेळेत पकडली. रोजचं चालणं आणि रात्रीचं खाणं बंद, यावर बरंचसं निभावलं.

वही तेव्हाच सुरू केली. साधी रेघांची. तारीख, डोस, झोप किती तास, अंगात काय वेगळं वाटलं. गोळी चुकली तर ‘चुकली’. दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत, हे पहिल्या पानावर ताईच्या अक्षरात आहे. त्याच पानावर तिने लाल शाईने लिहिलंय: जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ, घामाच्या धारा, बोलणं असंबद्ध, असं झालं तर वाट बघायची नाही, थेट रुग्णालय. हा प्रकार क्वचित होतो, पण जिवावर बेततो. तिसरी ओळ दुसऱ्या डॉक्टरांसाठी आहे. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड दिलं जातं, तेही डोपामिनच अडवतं. कुठेही गेलो तरी आधी माझ्या औषधाचं नाव सांगायचं.

वहीचा खरा उपयोग सिगारेट सोडली तेव्हा झाला. दिवसाला दहा ओढायचो, एका सोमवारी बंद केल्या. दहाव्या दिवशी वहीत लिहिलं, ‘अकरा तास झोप, तरी डोळे मिटतात, जीभ जड.’ त्याच दिवशी फोन केला. मॅडमनी विचारलं, ‘सिगारेट सुटली का?’ मी थक्क झालो. धुरातल्या घटकांमुळे यकृत ऑलान्झापीन लवकर निकालात काढतं. धूर थांबला की तोच डोस रक्तात जास्त साठतो. हे काम धुराचं, निकोटिनचं नाही, म्हणून निकोटिनचं च्युइंगम चघळून फरक पडत नाही. डोस 10 वर आला आणि मी जागा झालो. सिगारेट सोडूच नये असा याचा अर्थ कुणी घेऊ नका. सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा, परत सुरू झाली तरी सांगा.

तपासणीला थांबलेलं असताना एकाची ओळख झाली, तो क्लोझापीनवर आहे. दोन औषधांनी गुण आला नाही म्हणून त्याला ते दिलं. सुरुवातीला त्याचं दर आठवड्याला रक्त तपासायचे, कारण क्वचित पांढऱ्या पेशी घसरतात. घसा दुखून ताप आला की तो त्याच दिवशी रक्त देतो. बद्धकोष्ठही तो हलक्यात घेत नाही, त्या औषधावर आतडी थंडावून जिवाला धोका होऊ शकतो.

दीड वर्ष ठीक गेल्यावर मला गोळी थांबवायची होती. या वेळी लपवलं नाही, विचारलं. मॅडम नाही म्हणाल्या नाहीत. ‘एकदम तोडायची नाही, महिने लागतील, आणि धोका आहे हे धरून चालायचं,’ म्हणाल्या. तीन महिने साडेसात, मग 5. पाचवर आल्यानंतर सहाव्या आठवड्यात झोप चार तासांवर आली. एका रात्री ताईने बघितलं, मी पंखा बंद करून भिंतीकडे कान लावून बसलो होतो. ऐकू काहीच येत नव्हतं, मी फक्त ऐकत होतो. सकाळी तिच्यासमोर मीच फोन लावला. डोस परत साडेसात झाला आणि आठवडाभरात पंखा रात्रभर चालू राहायला लागला.

आता तोच डोस चालू आहे. दर सहा महिन्यांनी मॅडम जीभ बाहेर काढायला लावतात, बोटं हलवायला सांगतात, ओठांकडे निरखून बघतात. वर्षानुवर्षं औषध घेतल्यावर तोंडाच्या आपोआप हालचाली सुरू होऊ शकतात, त्या लवकर पकडायच्या असतात. ताई आता समोर बसत नाही. येत्या गुरुवारी भेट आहे. वहीत या महिन्यात दोन ‘चुकली’ आहेत, 9 आणि 22 तारखेच्या. दोन्ही वाचून दाखवणार आहे.