आमची वाटचाल : पॉइंट खाली घ्या

आमचं प्लंबिंगचं दुकान सुरू झालं १९९४ साली, ठाण्यात नौपाड्याला, एका जिन्याखालच्या जागेत. भागीदार दोघं. भांडवल माझं आणि हात मिस्त्रींचे. बिडाच्या पाइपाचा जॉइंट ते सुतळी ठोकून, वरून वितळलेलं शिसं ओतून भरायचे. ओतताना स्वतः बोलायचे नाहीत, दुसऱ्यालाही बोलू द्यायचे नाहीत. त्यांचा अठरा इंची पाना अजून दुकानात खिळ्याला टांगलाय. दाते झिजलेत, पाइपावरून घसरतो. भंगारवाला दर दिवाळीला विचारतो, मी देत नाही.

मिस्त्रींचा हट्ट एकच. सिंक बदलायचं म्हटलं की आधी ओट्याखाली टेप. भिंतीतला वेस्टचा पॉइंट, म्हणजे सांडपाणी जायचं तोंड, जमिनीपासून किती इंच वर? जुनं सिंक सहा-सात इंच खोल, पॉइंट अठरावर, सगळं जमायचं. मग आली दहा इंची सिंकं. ओटा तेहतीस, त्यातून दहा गेले, राहिले तेवीस. सिंकच्या भोकात बसणाऱ्या कपलिंगचे तीन, त्याखाली वास अडवणाऱ्या बॉटल ट्रॅपचे चार. उरले सोळा, आणि पॉइंट अठराला! पाणी चढणार कसं? टाइल फोडा, पॉइंट बारावर घ्या, मीटरला दोन-अडीच सेंटिमीटर उतार द्या. दुसरा रस्ता नाही.

मधली वर्षं बरी गेली, पोरांची शिक्षणं झाली.

२०१४ साली घोडबंदर रोडच्या एका सोसायटीतली बावीस किचन मिळाली, एका मॉड्युलर किचनवाल्या शोरूममार्फत. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. पहिल्याच घरात पॉइंट अठराला. म्हटलं, फोडावं लागेल. शोरूमचे शेठ म्हणाले, "टाइल लागल्यात. फ्लेक्सिबल टाका आणि मोकळे व्हा." मिस्त्री तोवर थकून कायमचे गावी गेले होते. ते असते तर हत्यारं गुंडाळून खाली उतरले असते. मी टाकले. बावीसच्या बावीस घरांत तो वळ्यावळ्यांचा पाइप खाली लोंबून परत वर चढवला.

चार महिन्यांत तेल-खरकटं त्या वळ्यांत थिजलं. पाणी तुंबलं, नट सैल झाले, कपाटांचं प्लाय फुगून दारं लागेनात. शोरूमने हात झटकले, "प्लंबर कच्चा निघाला." माझे दोन लाख चाळीस हजार अडकवले ते आजतागायत. माझ्या हाताखालची दोन पोरंही त्यांनीच फोडली, पाचशे जास्त देऊन. सोसायटीने मला गेटवरच अडवायचं ठरवलं.

तेव्हा उपयोगी पडल्या नौपाड्यातल्या आजी. त्यांचं काम १९९८ पासून आमच्याकडे. सोसायटीचे सेक्रेटरी माझी चौकशी करत त्यांच्या घरी पोचले, तर आजींनी त्यांना थेट ओट्याखाली वाकायला लावलं. कपाटाच्या दाराला आतून मिस्त्रींनी चिकटवलेला कागद होता, भिंतीत पाइप कुठून जातो ते पेन्सिलीने काढलेलं. "सोळा वर्षं झाली. एक थेंब दाखवा," आजी म्हणाल्या. मला आत सोडलं. बायकोच्या पाटल्या गहाण टाकून मी बावीस भिंती फोडल्या, माझ्या खर्चाने. दोन महिने लागले. शोरूमचा एक माणूस बघायलासुद्धा आला नाही, आणि आज त्यांच्या जाहिरातीत 'लीकेजमुक्त किचन' असं छापतात.

विषय निघालाच आहे तर सांगून ठेवतो. ओट्याचा दगड कापायच्या आधी सिंक घरात आणा, फोटोवर माप देऊ नका. काम झालं की नळ सोडून बघण्यात अर्थ नाही. बूच लावून सिंक काठोकाठ भरा, खाली कोरडं वर्तमानपत्र अंथरा, मग बूच काढा. कागदावर एक डाग पडला तरी प्लंबरला जाऊ देऊ नका, मलासुद्धा. आणि उकळती पेज थेट सिंकमध्ये ओतू नका. पीव्हीसी आहे ते, बीड नाही.

मागच्या दिवाळीआधी आजींच्या नातसुनेने दहा इंची सिंक आणलं. टेप लावला. मिस्त्रींनी १९९८ सालीच, सिंक सहा इंची असताना, पॉइंट बारावर घेऊन ठेवला होता. भिंतीला हात लावावा लागला नाही, दीड तासात मोकळा. मजुरी बाराशे सांगितली.

आजी म्हणाल्या, "फोडाफोडी तर काहीच केली नाहीस. आठशे घे."