दुसरा फेज सातव्या स्लॉटपासूनच काऊन?

आमच्या नेर तालुक्यात मोटर जळायचा सिझन असते. रब्बीत गहू-हरभऱ्याला रात्रीची लाइन, कास्तकार बटन दाबून वावरातच झोपतो, मधात लाइनच्या तीन फेजपैकी, म्हणजे तीन तारांपैकी, एक फेज जाते आन मोटर दोन फेजवर गुणगुणत राहते. सकाळी ती ट्रॉलीत घालून माझ्या दुकानापुढे. पंधरा वर्षं मी हेच केलं, मोटरा भरल्या, म्हणजे जळलेली तार काढून नवी बसवली. आयटीआय झालेलो वीजतंत्रीचा, पण ते सर्टिफिकेट कपाटात कपड्याखाली पडलं होतं.

तालुक्याच्या बाजूलाच एका आयटीआयमध्ये निदेशकाची जागा रिकामी होती म्हणून तासिका तत्त्वावर बोलावलं. म्हटलं ठीक आहे, दुपारचं दुकान तसंही थंड असते. पहिल्याच आठवड्यात 36 स्लॉटची (स्लॉट म्हणजे तार बसवायची खाच), चार पोलची (पोल म्हणजे चुंबकाचं टोक) थ्री फेज मोटर पोट्ट्यांपुढे भरून दाखवत होतो. एक बारकं पोट्टं, मागं उभं राहणारं, म्हणते, "सर, पहिला फेज एक नंबरच्या स्लॉटमधून घेतला तर दुसरा सातव्यातूनच काऊन?"

मले उत्तर आलं नाही. मी शेकडो मोटरा एक, सात, तेरा करत भरल्या होत्या, पण काऊन ते कधी कोणी सांगितलं नाही न मी विचारलं नाही. "तसंच असते" म्हणून वेळ मारून नेली. घरी येऊन जेवण गेलं नाही.

तिथल्याच एका जुन्या निदेशकांनी सीआयटीएसचं सांगितलं, म्हणजे क्राफ्ट इन्स्ट्रक्टर ट्रेनिंग स्कीम, एक वर्षाचा कोर्स, शिल्प निदेशक, म्हणजे आयटीआयचा पक्का मास्तर, व्हायचं असन तर करूनच टाक म्हणे, आन वयाकडे पाय, खुल्या प्रवर्गाले सरकारी भरती 38 पर्यंतच. मी तेव्हा 36 चा. बायकोले विचारलं तर ती भाकरी थापता थापता म्हणे, "जा ना मंग, दुकानातलं सामान मी विकत राहतो, मोटरा मातर भरता येत नाही मले."

प्रवेश परीक्षेचा अभ्यास दुकानात बसूनच केला, गिऱ्हाईक आलं की पुस्तक बंद. मजा अशी की नेमप्लेटवर 1440 आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, मी रोज वाचत होतो, आता कळलं की 120 गुणिले 50 (लाइनची फ्रिक्वेन्सी) भागिले 4 (पोल) म्हणजे 1500 हा फिरत्या फील्डचा वेग, आन रोटर, म्हणजे मोटरीचा फिरता भाग, त्याच्या मागं राहते ती स्लिप. कागदपत्रांचं सांगत नाही, एका सर्टिफिकेटवर बापाच्या नावाचं स्पेलिंग वेगळं होतं तेवढ्यासाठी चार चकरा झाल्या, असो.

नंबर मुंबईचा लागला. चुनाभट्टीले एनएसटीआय आहे, म्हणजे निदेशक घडवणारी केंद्र सरकारची संस्था, जुने लोक अजून एटीआयच म्हणतात. बडनेऱ्यावरून विदर्भ एक्सप्रेस पकडली, सोबत ठेचा न लोणचं. वर्गात बहुतेक डिप्लोमावाले, बाविशी-तेविशीतले, पहिल्या दिवशी एकानं मलेच सर समजून गुड मॉर्निंग केलं. प्रॅक्टिकलमध्ये माझा हात कोणी धरत नव्हतं. खरी फजिती झाली ट्रेनिंग मेथडॉलॉजीत, म्हणजे शिकवायचं कसं हे शिकणं. लेसन प्लॅन लिहायचा, त्याच्या चार पायऱ्या, तयारी, सादरीकरण, उपयोजन, चाचणी. मले वाटलं हे काय नाटक आहे बाप्पा.

मंग माझं पहिलं डेमॉन्स्ट्रेशन आलं. स्टार डेल्टा स्टार्टरची, म्हणजे मोटर आधी कमी दाबावर चालू करणाऱ्या पेटीची, जोडणी. मी सहा मिनिटांत चोख करून मोकळा, मनात म्हटलं आता टाळ्या पडतीन. सर शांतपणे हिंदीत म्हणाले, "आपका काम हमने देख लिया. बच्चा क्या सीखा?" पूर्ण वर्गात कोणालेच पहिली वायर कुठं गेली ते सांगता आलं नाही, कारण माझी पाठ त्यांच्याकडे होती न तोंड बंद.

त्या रात्री खोलीवर बसून कॉइल स्लॉटमध्ये बसवणं एवढंच काम लिहायला घेतलं. हात एका झटक्यात करते ते लिहिलं तर पान भरून पायऱ्या निघाल्या, स्लॉटमध्ये कागद कुठपर्यंत वर ठेवायचा, तार कोणत्या बोटानं दाबायची, तारेवरचं इनॅमलचं आवरण खरचटते ते नेमकं कुठं. मले हे येत होतं हेच मले माहीत नव्हतं. तेवढं लिहायले तीन दिवस लागले, इंग्रजीतले शब्द शेजारच्या पोराले विचारून.

पैशाची ओढाताण झालीच. दिवाळीत घरी आलो तर दुकानापुढे सात मोटरा थांबलेल्या, लक्ष्मीपूजनाच्या दिवशीबी वार्निशचा वास अंगाले. पोरगी म्हणे बाबा आले तरी आले नाही.

पास झालो. भरतीचं अजून काही नाही, परत तासिकेवरच आहे, रविवारी मोटरा भरतो. पयल्याच दिवशी नव्या बॅचपुढे तीच 36 स्लॉटची मोटर ठेवली न कोणी विचारायच्या आधी मीच विचारलं, दुसरा फेज सातव्यातूनच काऊन? कोणी बोलेना. मंग फळ्यावर मांडलं, एका पोलचे विजेच्या हिशोबानं 180 अंश, 36 भागिले 4 म्हणजे पोलले नऊ स्लॉट, म्हणजे एका स्लॉटचे 20 अंश. दोन फेजमध्ये 120 अंशांचं अंतर पाहिजे. मागच्या बाकावरून आवाज आला, "एकापासून सहा स्लॉट पुढं जा मंग, सर."

ते जुनं पोट्टं आता पुण्याले कंपनीत आहे म्हणतात. त्याचा नंबर शोधून राहिलो.