डुगडुगणारा पाय

टाक्या बसवतो म्हटलं की लोकांना मासे दिसतात. माझा अर्धा दिवस जातो जमिनीला गाल लावून, स्टँडचा पाय टेकलाय का ते बघण्यात.

नेरूळची गोष्ट. सिडकोची जुनी इमारत, तिसरा मजला. टाकी चार बाय दीड बाय दीड फूट, काच 10 मिलिमीटर. पाणीच 250 किलो. काच, खडी, स्टँड धरून साडेतीनशेच्या आसपास. गिऱ्हाईक म्हणतं, एक काचेची पेटीच तर आहे. मी सांगतो, पाच माणसं दिवसरात्र एका जागी उभी आहेत असं समजा.

स्टँड तुर्भ्याच्या वेल्डरमामांचा, दीड इंची चौकोनी पाइपचा. ठेवला आणि खिडकीकडचा कोपऱ्यातला पाय डुगडुगला. पोऱ्या लगेच पुठ्ठ्याची घडी घेऊन वाकला. त्याला तिथेच झापला. पुठ्ठा भिजला की लगदा होतो. आणि एक पाय अधांतरी राहिला की भार तिरक्या दोन पायांवर जातो, फ्रेम पिळते, तो पीळ वर काचेच्या सिलिकॉनच्या सांध्यांत उतरतो. टाकीखालचा थर्माकोल बारीक खडबडीतपणा सांभाळून घेतो, पीळ नाही. बरं, टाकी त्याच दिवशी गळली तर परवडलं. ती महिन्यांनी गळते, रात्री, घरचे गावाला गेलेले असताना.

ज्यांची टाकी त्या काकांसमोरच मामांना फोन लावला. "स्टँड वाकडा झालाय. एक बाजू पूर्ण वेल्ड करून मग दुसरी घेतली ना? आधी चारी कोपऱ्यांना नुसते टाके मारायचे, गुण्या लावून काटकोन बघायचा, हे मी सांगू?" मामा एवढंच म्हणाले, "काटकोनात फिरवून बघा." काका मागून म्हणाले, "त्याचे पाचशे कापा."

रागारागात फिरवला. स्टँड वाकडा असता तर फट त्या पायाबरोबर फिरली असती. फट होती तिथेच, खिडकीच्या कोपऱ्यात.

मग लेव्हलची नळी काढली, पाणी भरलेली, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येतं ती. स्पिरिट लेव्हल मी ठेवतो, पण विश्वास नळीवर. कोपरा 7 मिलिमीटर खाली! काकांना विचारलं, इथे गॅलरी होती का? "होती ना, हॉलमध्ये घेतली." गॅलरीला उतार असतो, कोपऱ्यातल्या पाणी बाहेर जायच्या नळीकडे. ठेकेदाराने तो न काढता टाइलवर टाइल चिकटवली होती. नूतनीकरणवाल्यांना फक्त चकाकी कळते.

तिथे टाकी भरायला मी नकार दिला. नुसता उतार असता तर काढता आला असता, पण गॅलरीच्या बाहेर आलेल्या स्लॅबवर एवढं वजन द्यायची माझी छाती नाही. काकूंचा सोफा सरकवून आतल्या भिंतीला, खाली तुळई आहे तिथे स्टँड लावला. चार बोटं पाणी भरून चारी कोपऱ्यांत काचेवर मार्करने खुणा केल्या, खालून उंची मोजली. फरक 1 मिलिमीटर. काकू त्या दिवशी चहा द्यायला विसरल्या.

काकांनी पाचशे कापलेच. "जमीन वाकडी होती" हे मी दोनदा सांगितलं, पण आधी फोनवर जे बोललो तेच त्यांनी धरलं. ते पाचशे मी मामांना खिशातून दिले. त्यांनी न मोजता ठेवले.

पुढच्या स्टँडला मामांनी न सांगता चारही पायांना उंची जुळवायचे बोल्ट लावून पाठवले. बिलात मात्र लावले.