तुम्ही विचारलंत म्हणून: त्या कबरींपाशी मी का जाते

"सुट्टीच्या दिवशी पुढाऱ्यांच्या कबरी बघत काय हिंडतेस गं?" मावशी फोनवर विचारते. इथल्या मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या बायकाही विचारतात, जरा दबकत. मावशीच्या लेखी स्मशानात माणूस जातो तो कुणाला पोचवायला, आणि घरी आल्यावर आधी अंघोळ करतो. मी दर वेळी काहीतरी थातूरमातूर बोलून विषय बदलते. आज नीट सांगते. आणि मावशी, याचं निम्मं उत्तर तूच मला लहानपणी दिलं आहेस.

मी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या नैर्ऋत्य भागात, ऑल्बनीला राहते. तिथून तासाभराच्या आत सम्टर काउंटी लागते. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा. वस्ती तीस हजारांच्या आत, मुख्य गाव अमेरिकस, आणि भोवती भुईमूग, कापूस, पाइनची झाडं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेंगांचे वेल उपटून, उलटे करून शेतातच वाळत घातलेले असतात. गाडीची काच खाली केली की ओल्या मातीचा वास आत येतो आणि मला उगाचच आजोळ आठवतं.

अमेरिकसपासून दहा मैलांवर प्लेन्स नावाचं सहाशेही वस्ती नसलेलं गाव आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर तिथले. गावाबाहेर लेबनॉन सिमेट्री नावाची साधी दफनभूमी आहे, आणि तिथे त्यांच्या आई, लिलियन कार्टर यांची कबर आहे. मी पहिल्यांदा गेले ती त्यांच्यासाठी.

मावशी सात-आठ वर्षांची असताना विक्रोळीला गोदरेजच्या वसाहतीत राहायची. तिथल्या दवाखान्यात एक गोरी, पांढऱ्या केसांची म्हातारी बाई होती. मावशी टोचून घ्यायला रडत होती, तर त्या बाईने हात धरून ठेवला होता. ही गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली आहे की तो हात मला माझाच धरल्यासारखा वाटतो. बाई म्हणजे लिलियन कार्टर. पेशाने नर्स, नवरा वारलेला, मुलं मोठी झालेली. वयाच्या ६८ व्या वर्षी त्या पीस कोअरमध्ये, म्हणजे परदेशी स्वयंसेवक पाठवणाऱ्या अमेरिकी सरकारच्या संस्थेत, दाखल झाल्या आणि १९६६ ते १९६८ विक्रोळीत राहिल्या. आधी कुटुंब नियोजनाच्या कामावर, मग दवाखान्यात. त्या वेळी त्यांच्या मुलाला जॉर्जियाबाहेर कुणी ओळखत नव्हतं. पुढे मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला आणि १९७७ च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती फख्रुद्दीन अली अहमद यांच्या अंत्यविधीला अमेरिकेने जे शिष्टमंडळ पाठवलं, त्याच्या प्रमुख म्हणून याच बाई दिल्लीला आल्या. १९८३ च्या ऑक्टोबरात त्या गेल्या.

त्यांच्या शेजारी त्यांचे पती, अर्ल कार्टर. मला त्या दोन कबरींपुढे उभं राहून पुष्कळ विचार करावा लागला. अर्ल हे शेतकरी, दुकानदार, आणि त्या काळच्या बहुतेक गोऱ्या शेतकऱ्यांसारखे गोऱ्या-काळ्यांनी वेगळंच राहावं या मताचे. शेजारच्या आर्चरी वस्तीत एक कृष्णवर्णीय बिशप राहत. त्यांचा शिकलेला मुलगा कार्टरांकडे आला की मागच्या दाराने न येता पुढच्या दाराने यायचा. लिलियनबाई त्याचं स्वागत करायच्या आणि अर्ल घराबाहेर निघून जायचे. काळ्या कुटुंबांच्या घरी जाऊन शुश्रूषा करणारी बाई आणि हा गृहस्थ, एकाच छपराखाली. आज एकाच मातीत.

आणि तरीही हेच अर्ल १९५२ मध्ये राज्याच्या विधिमंडळावर निवडून गेले आणि वर्षभराच्या आत, १९५३ च्या जुलैत, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने वारले. मुलगा जिमी तेव्हा नौदलात अधिकारी, अणुपाणबुड्यांच्या कामावर, उत्तरेत स्केनेक्टडीला. वडिलांच्या शेवटच्या दिवसांत तो घरी आला. भेटायला माणसांची रीघ लागलेली, गोरी आणि काळीही. कुणाचं कर्ज त्यांनी गुपचूप सोडलेलं, कुणाच्या मुलीला शाळेसाठी कपडे घेऊन दिलेले. मुलाला यातलं काही माहीत नव्हतं. आपण नौदलात कितीही वर चढलो तरी आपल्या जाण्याने इतक्या माणसांना फरक पडेल का, हा प्रश्न त्याला छळू लागला आणि त्याने नौदल सोडलं. त्याची बायको रोझलिन संतापली. तिला प्लेन्समधून बाहेर पडल्याचाच आनंद होता. परतीच्या सगळ्या प्रवासात ती त्याच्याशी धड बोललीही नाही.

पुढचं सगळं राजकारण, गव्हर्नरपद, राष्ट्राध्यक्षपद, या एका मृत्यूपाशी सुरू होतं. म्हणून मी म्हणते, कबरीपाशी गेलं की पुढारी कुठून सुरू झाला ते कळतं. भाषणांतून ते कळत नाही.

अमेरिकसच्या ओक ग्रोव्ह सिमेट्रीत मी गेले ते नंतर, आणि तिथे मला फार वेळ लागला. चार्ल्स फ्रेडरिक क्रिस्प तिथे आहेत. इंग्लंडात शेफिल्डला १८४५ मध्ये जन्मले. आईवडील नाटकात काम करणारे, दौऱ्यावर होते. अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात क्रिस्प दक्षिणेच्या बाजूने लढले. १८६४ च्या मे महिन्यात उत्तरेच्या हाती सापडले आणि युद्ध संपल्यानंतरच सुटले. ज्या वर्षी ते तिकडे कैदेत होते त्याच वर्षी इकडे, सम्टर आणि मेकन काउंटींच्या सीमेवर, अँडरसनव्हिलच्या तळावर उत्तरेचे सैनिक कैदेत मरत होते. चौदा महिन्यांत जवळजवळ १३,००० माणसं गेली. तिथल्या राष्ट्रीय दफनभूमीत दगडाला दगड लागून आहे, कारण प्रेतं खंदकात खांद्याला खांदा लावून पुरली होती. ते बघून ओक ग्रोव्हला आलं की एकेका माणसाभोवती सोडलेली मोकळी जागा डोळ्यांत भरते.

क्रिस्प पुढे वकील, न्यायाधीश, आणि १८८३ पासून संसदेत. १८९१ ते १८९५ ते अमेरिकी प्रतिनिधीगृहाचे सभापती होते. १८९६ मध्ये सिनेटवर जाण्याच्या उंबरठ्यावर असतानाच वारले. उरलेली मुदत मुलाने, चार्ल्स रॉबर्ट क्रिस्पने पुरी केली आणि पुढे तो स्वतःही जवळजवळ वीस वर्षं खासदार होता. तोही तिथेच आहे. स्टीफन पेस, १९३७ ते १९५१ खासदार, तेही तिथेच. एवढ्याशा गावात इतकी सत्ता! शेजारच्या एका काउंटीला तर क्रिस्प यांचंच नाव आहे. आमच्या विक्रोळीत कन्नमवार नगर आहे. मुख्यमंत्री असतानाच १९६३ मध्ये गेलेले मारोतराव कन्नमवार आमच्यासाठी बसच्या पाटीवर उरले. मी त्या पाटीखाली वाढले आणि तो माणूस कोण होता हे विचारायला मला तीस वर्षं लागली. कदाचित म्हणूनच इथे मी दगडावरचं नाव वाचून पुढे जात नाही.

पण ओक ग्रोव्हमध्ये उभं राहिलं की मन एका जागी थांबत नाही. या माणसांना कुणी निवडून दिलं? धाकटे क्रिस्प आणि पेस पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या ज्या प्राथमिक निवडणुकांतून आले, त्यांत फक्त गोऱ्यांना मत देता यायचं. जॉर्जियात ती रीत १९४६ पर्यंत होती. त्या दगडांभोवतीच्या शेतांत राबणारी अर्धी प्रजा मतदार यादीतच नव्हती. आणि १९६५ च्या जुलैत याच अमेरिकसमध्ये काय झालं ते ऐका. गोऱ्या बायकांची मतदानाची रांग वेगळी होती. चार कृष्णवर्णीय बायका तिच्यात उभ्या राहिल्या आणि हलायला तयार झाल्या नाहीत, म्हणून त्यांना अटक झाली. त्यांतली एक त्याच निवडणुकीत उमेदवार होती. मतदान हक्काचा कायदा त्यानंतर महिन्याच्या आत, ६ ऑगस्टला झाला. 'काउंटीतल्या राजकारण्यांच्या कबरी' अशी यादी कुणी केली तर तिच्यात खासदार येतात, सभापती येतात. ती रांगेतली बाई येत नाही, कारण ती हरली. माझ्या यादीत ती आहे. ज्यांनी तिला रांगेतून ओढलं त्यांच्यापेक्षा तिने या काउंटीचं राजकारण जास्त बदललं असं मला मनापासून वाटतं.

या भागातल्या निवडणुकांत मेलेल्यांचाही हात असायचा. १९६२ मध्ये कार्टर राज्याच्या सिनेटसाठी पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा जवळच्या क्विटमन काउंटीत मतपेटी खोट्या मतांनी भरली गेली. मतदारांच्या नोंदी बघितल्या तर माणसं जणू वर्णमालेच्या क्रमाने रांगेत येऊन मत देऊन गेलेली, आणि त्यांतली काही आधीच वारलेली. कार्टर कोर्टात गेले, निकाल फिरला, आणि तिथून त्यांची कारकीर्द सुरू झाली. नऊ वर्षांनी, गव्हर्नरपदाच्या शपथविधीच्या भाषणात, वर्णभेदाचे दिवस संपले असं ते उघडपणे म्हणाले. अर्ल कार्टर यांचा मुलगा हे म्हणाला.

आता खुद्द त्यांच्याविषयी. अलीकडचे बहुतेक राष्ट्राध्यक्ष आपापल्या नावाच्या ग्रंथालयापाशी किंवा संग्रहालयापाशी पुरले गेले आहेत. कार्टर यांचं ग्रंथालय अटलांटात आहे. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीचा मानही त्यांना मिळाला असता. त्यांनी कित्येक वर्षं आधी सांगून ठेवलं होतं: आम्ही दोघं प्लेन्समध्ये जन्मलो, प्लेन्समध्येच राहू. १९६१ मध्ये बांधलेलं त्यांचं एकमजली घर, तिथेच अंगणात, तळ्याकाठच्या विलोच्या झाडाशी, २०२३ च्या नोव्हेंबरात रोझलिनबाईंना ठेवलं. जी बाई या गावात परतायला तयार नव्हती, तिचा पहिला मान. २९ डिसेंबर २०२४ रोजी, शंभरी पुरी करून, कार्टर गेले. ४ जानेवारीला त्यांची अंत्ययात्रा अमेरिकसहून निघाली आणि आर्चरीच्या त्यांच्या लहानपणीच्या शेतापाशी थांबली. तिथली शेतावरची जुनी घंटा ३९ वेळा वाजवली, ते ३९ वे राष्ट्राध्यक्ष म्हणून. त्या दिवशी हायवेच्या कडेला मीही उभी होते. माझ्या एका बाजूला आपल्या नातवाला खांद्यावर घेतलेले कृष्णवर्णीय आजोबा होते, दुसऱ्या बाजूला शेतकरी टोपी छातीशी धरून. गाड्या गेल्यावरही बराच वेळ कुणी निघालं नाही.

लिलियनबाईंचा जन्म १५ ऑगस्टचा, १८९८ सालचा. दर वर्षी त्या दिवशी मी लेबनॉन सिमेट्रीत जाते. तारीख आपली आहे आणि बाई विक्रोळीच्याही आहेत, हे लक्षात ठेवणारं कुणीतरी तिथे जायला हवं असं मला वाटतं. दुकानात मिळतील ती पिवळी फुलं नेते.

मावशी, मी हे तुला इतकी वर्षं सांगितलं नाही. तुला कबरी म्हटलं की कसंतरी होतं, म्हणून. गेल्या १५ ऑगस्टला मात्र तिथूनच तुला व्हिडिओ कॉल लावला. तू आधी मला ओरडलीस, उन्हात टोपी नाही म्हणून. मग मी फोन दगडाकडे फिरवला आणि नाव वाचून दाखवलं. तू चष्मा शोधायला गेलीस. परत आलीस ती डोक्यावर पदर घेऊन.

"शेजारी कोण गं?" तू विचारलंस.

"नवरा."

"आणि मुलगा?"

"तो इथून जवळच, स्वतःच्या अंगणात."

"बरं झालं," तू म्हणालीस, "सगळी जवळजवळ आहेत." आणि मग फोनच्या काचेवर तू हात ठेवलास, कारण पुढचा थोडा वेळ मला फक्त तुझा तळवा दिसत होता.